पिंपातील प्रतिष्ठा, हंडीतील गुन्हा

मद्यशौकिनांच्या जगात गेल्या तीसेक वर्षांत एका पेयाने मोठा मान मिळविला आहे. ज्या ओकच्या पिंपात व्हिस्की किंवा रम वर्षानुवर्षे मुरली ते पिंप रिकामे झाले, की एखादा छोटा बिअर-कारखानदार ते विकत घेतो, त्यात आपली कडक ‘एल’ भरतो आणि सहा महिने, वर्षभर ती अंधाऱ्या कोठारात ठेवून देतो. एल म्हणजे जवाला मोड आणून, त्याचा काढा उबदार हवेत आंबवून केलेली बिअर. साध्या बिअरमध्ये मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास असतो. या कडक एलमध्ये तो दहा-बारा टक्क्यांवर जातो, आणि म्हणूनच ती इतके दिवस टिकते. लाकडात भिनलेले जुने मद्य हळूहळू तिच्यात उतरते, लाकूड आपला तुरटपणा आणि व्हॅनिलासारखा गंध देते, फळ्यांतून झिरपणारी हवा तिची धार मऊ करते, आणि थोडा भाग उडून जातो. एका पिंपाची चव दुसऱ्याला येत नाही. पिंपे थोडी म्हणून बाटल्या थोड्या. विक्रीचा दिवस आधी जाहीर होतो आणि दुकानांच्या दारांत रांगा लागतात.

या पेयाचा जन्म काटकसरीतून आणि योगायोगातून झालेला आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळून काढलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेले पिंप त्या कामी पुन्हा चालत नाही. अशी टाकाऊ पिंपे शिकागोच्या गूज आयलंड या छोट्या ब्रुअरीने १९९० च्या दशकात उचलली आणि त्यांत आपली काळी, कडक बिअर मुरविली. स्कॉटलंडमध्ये उलट घडले. एका व्हिस्की कंपनीला पिंपांना बिअरचा गंध हवा होता. त्यासाठी त्यांत भरलेली एल नंतर ओतून द्यावयाची होती. ती कोणी चाखून पाहिली, ती सुरेख निघाली, आणि २००३ साली ‘इनिस अँड गन’ या नावाने ती बाजारात आली. आपल्याकडे पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाली आणि तेथून छोट्या ब्रुअरींचे हे वेड मुंबई, बंगळूर, गोवा असे पसरत गेले. आमच्या गोमंतकात कुंकळ्ळी येथे गाळलेली आणि मुरविलेली सिंगल माल्ट व्हिस्की २०१२ पासून परदेशांतही नावाजली जात आहे.

हे सारे आम्ही संपादकीय स्तंभात का सांगत बसलो आहोत, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आम्हांस या पेयाची जाहिरात करावयाची नाही, की त्याची निंदाही करावयाची नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते एवढेच, की या बाटलीला जो मान मिळतो तो नेमका कशाचा? शौकीन सांगतात त्यावरून तो चार गोष्टींचा आहे. ती विशिष्ट जागेची असते. ती विशिष्ट हंगामाची असते. ती थोडीच निघते. आणि ती कारखान्याच्या यंत्राने नव्हे, तर जाणत्या माणसाच्या हाताने व नाकाने सिद्ध होते. ठीक आहे. हे चार निकष आम्ही मान्य करतो, आणि तेच घेऊन वाचकांना सिल्वासाकडे नेतो.

दादरा आणि नगर हवेली हा मुलूख गोमंतकीयांना परका नाही. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना तोडून दिली, आणि त्या कागदाच्या जोरावर वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींचा हा डोंगराळ मुलूख पावणेदोनशे वर्षे फिरंग्यांच्या अमलाखाली राहिला. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झाले, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स अशा निरनिराळ्या मतांच्या माणसांनी तो लढा दिला. संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. गोवामुक्तीच्या सात वर्षे आधी मिळालेला तो पहिला विजय होय. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात आला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला.

आजचे सिल्वासा कारखान्यांचे शहर आहे. करसवलतींनी तेथे उद्योग आणले, उद्योगांनी परप्रांतीय कामगार आणले, आणि २०११ च्या जनगणनेत ३ लाख ४३ हजार लोकसंख्येत आदिवासी जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ५२ टक्के उरले. दहा वर्षांपूर्वी ते ६२ टक्के होते. शहराला दुसरा एक व्यवसाय भूगोलाने दिला आहे. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे, आणि हवेली त्याच गुजरातेला लागून आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी गुजरातच्या पाटीच्या मोटारी सिल्वासाच्या बारसमोर उभ्या असतात, आणि तो व्यवहार राजरोस, परवान्याने, सरकारी महसुलात भर घालीत चालतो. त्यात आम्ही काही गैर म्हणत नाही. परंतु याच शहरातून खानवेल, मांदोणी, दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर जे दुसरे मद्य आहे, त्याकडे पाहिले की मन अस्वस्थ होते.

ते मद्य मोहाचे. फाल्गुन सरता सरता मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फिक्या पिवळसर, मांसल फुलांचे घोस येतात. फुले रात्री गळतात. पहाटेपूर्वी उठून, झाडाखालची जमीन आधीच साफ करून ठेवून, बायका आणि मुले ती वेचतात. ऊन चढले की गुरे आणि रानजनावरे ती खाऊन टाकतात. फूल वाळले की मनुकेसारखे होते, आणि त्यात साखर इतकी असते की दुष्काळी वर्षांत कितीएक आदिवासी घरांनी ते भाजून, शिजवून पोटाला आधार दिला आहे. बियांचे तेल निघते ते दिव्यालाही होते आणि स्वयंपाकालाही. पाण्यात भिजविलेली फुले हंडीत काही दिवस आंबतात. ती पुरेशी आंबली की नाही हे हंडीला कान लावून, वास घेऊन ठरविले जाते. मग मंद आचेवर ती गाळली जाते. पहिली धार कोणती टाकावयाची आणि कोठे थांबावयाचे हे ज्याला कळते तोच खरा जाणकार. पेरणीला, लग्नाला, पितरांच्या कार्याला त्याचे चार थेंब आधी धरित्रीला वाहिले जातात आणि मग माणसांच्या ओठी लागते.

आता ते चार निकष लावून पाहा. जागा विशिष्ट आहे. हंगाम वर्षातून एकदाच, जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा आहे. माल थोडाच निघतो. आणि हात, नाक, कान यांच्याखेरीज तेथे दुसरे यंत्र नाही. शिकागोच्या कोठारात जे आहे त्यातले काय दुधनीच्या झोपडीत नाही? ओकचे पिंप नाही, एवढेच. मग एकीची बाटली क्रमांक घालून काचेच्या कपाटात का ठेवली जाते, आणि दुसरीची हंडी छापा घालून का फोडली जाते?

याचे उत्तर चवीत नाही, कायद्याच्या इतिहासात आहे. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ साली झाला. त्याने घरोघरच्या, गावोगावच्या भट्ट्या बंद पाडून गाळण्याचा अधिकार मोजक्या डिस्टिलऱ्यांकडे आणि विकण्याचा अधिकार मक्तेदारांकडे सोपविला. ताड-माडावर वाढीव कर बसविला. आपल्या किनारपट्टीवरील भंडारी समाजाला त्या झाडकराचे चटके पिढ्यान्‌पिढ्या आठवत राहिले. त्याच वर्षी, १८७८ च्या डिसेंबरात, ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला, आणि मिठाबरोबर आबकारीचाही त्यात समावेश होता. म्हणजे गोमंतकातील रेंदेरही त्या फेऱ्यातून सुटला नाही. तो करार १८९२ मध्ये संपला. त्याच १८९२ मध्ये मुंबई सरकारने ‘मोहा’ कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे व बाळगणे यांवरच बंदी घातली. दारूवर नव्हे, फुलावर! ज्या फुलाने दुष्काळात पोट भरते ते फूल घरात सापडले म्हणून माणूस गुन्हेगार ठरू लागला. हेतू आरोग्याचा नव्हता, नीतीचाही नव्हता. हंडीतल्या मद्यावर कर बसविता येत नाही आणि डिस्टिलरीतल्या मद्यावर येतो, हाच खरा हेतू होता. आदिवासी पिणारच, तर त्याने सरकारी शिक्क्याची, पैसे मोजून घेतलेलीच प्यावी! त्या पैशांसाठी मग सावकाराकडे कर्ज आणि कर्जापायी वेठ.

इंग्रज गेले, पोर्तुगीजही गेले. पण कायद्याची ती दृष्टी गेली नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा त्याने मोहफुलांवरील निर्बंध पुढे चालविले. महाराष्ट्राने ते शिथिल केले ते २०२१ साली. म्हणजे फुलाला निर्दोष ठरावयास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आणि पुढे काय झाले तेही मासलेवाईक आहे. २०२२ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांपासून केलेल्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. रानातल्या फुलाला प्रतिष्ठा मिळावयाची, तर कागदावर का होईना त्याला परदेशी व्हावे लागते. यापेक्षा आपल्या मनाचे अधिक अचूक चित्र आम्ही तरी शब्दांत काढू शकलो नसतो.

मोहाला बाजारात प्रतिष्ठा मिळू लागली आहे, हे खरे. २०१८ साली गोव्याच्या दुकानांत मोहाचे मद्य सुबक बाटलीत, उघड लेबल लावून आले. सिल्वासाहून फार लांब नसलेल्या डहाणूतील साउथ सीज डिस्टिलरीजने ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाचे मद्य काढले, आणि नावात १९२२ हे साल मिरविणारी, मोजक्या बाटल्यांची एक आवृत्तीही बाजारात आणली. जुने पारशी घराणे, जुनी भट्टी, जुने मद्य असा तिचा डौल आहे. या उद्योगांनी कायद्याने घालून दिलेल्या वाटेने, भांडवल घालून, मोहाला सन्मान मिळवून दिला. त्यांच्याविषयी आमची काही तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. परंतु १९२२ हे साल वाचून आम्ही थबकलो. कारण त्या सालाला या टापूच्या इतिहासात दुसरा एक अर्थ आहे, आणि तो कोणत्याही लेबलावर छापलेला नाही.

त्याच सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांमध्ये देवीची एक लाट उठली. किनाऱ्यावरून ती डोंगरात शिरली, गावागावांतून पुढे सरकत दक्षिण गुजरातेत उतरली, आणि १९२२ च्या नोव्हेंबरपासून सुरत जिल्ह्यातील आदिवासींच्या प्रचंड सभा भरू लागल्या. कोणाच्या तरी अंगात देवी यावयाची आणि तिच्या तोंडून आज्ञा बाहेर पडावयाच्या: दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, मांस खाऊ नका, रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या मक्तेदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो माणसांनी त्या पाळल्या. गुत्ते ओस पडले. पुढे यांतील कित्येक गावे गांधीजींच्या चळवळीशी जोडली गेली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली ‘द कमिंग ऑफ द देवी’ या ग्रंथात ही सारी हकीकत मांडली, तोवर सुशिक्षितांच्या जगात तिची दखलही फारशी नव्हती.

त्या चळवळीचा एक अर्थ असा लावला जातो, की पाहा, आदिवासींनाही दारू नको होती. हा अर्थ अर्धाच आहे. त्यांना नको होता तो मक्तेदार, त्याचे कर्ज आणि त्याची वेठ. दारू सोडणे हा त्याच्या पाशातून मान सोडविण्याचा मार्ग होता. आणि मुख्य म्हणजे, सोडावयाची की नाही हे त्यांनी स्वतः, आपल्या सभेत, आपल्या देवीच्या तोंडून ठरविले. सरकारने बंदी घातली म्हणून नव्हे. मद्य कोणी गाळावे हे ठरविण्याचा अधिकार १८७८ साली त्यांच्याकडून काढून घेतला गेला होता. मद्य प्यावे की नाही हे ठरविण्याचा अधिकार १९२२ साली त्यांनी आपल्या हाती घेतला. हे दोन अधिकार एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आमच्या या लेखाचा मुद्दा तेवढाच आहे: करण्याचा हक्क आणि नाकारण्याचा हक्क, दोन्ही ज्याचे रान आणि ज्याचे घर त्याचेच असले पाहिजेत.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. आदिवासी पाड्यांतील कितीतरी संसार दारूने धुळीस मिळविले आहेत. नवऱ्याच्या मजुरीचा पैसा गुत्त्यात जातो आणि मार बायकोच्या पाठीवर बसतो. तुम्ही बाटलीला मान द्या म्हणता, पण तो मार कोण थांबविणार? हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. दारू हे औषध नव्हे, अमृत तर नव्हेच. परंतु घराची राखरांगोळी कोणत्या मद्याने होते हेही पाहावे लागेल. हंगामात गाळलेल्या चार हंड्या लग्नाकार्यात संपतात. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडी राहते ती नाक्यावरची परवानाधारक दारू. आणि माणसे मरतात ती तिसऱ्याच पेयाने. २००९ साली अहमदाबादेत १३० हून अधिक, २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक आणि २०२२ साली गुजरातच्या बोटाद परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली. ती मोहाने मेली नाहीत. ती मिथेनॉल या औद्योगिक रसायनाने मेली. ते कारखान्यांसाठी तयार होते, तेथून चोरट्या मार्गाने बाहेर पडते आणि दारू म्हणून विकले जाते. पोलीस मात्र हंड्या फोडण्यात दंग असतात, कारण पाड्यावरची म्हातारी पळून जात नाही आणि वशिलाही आणीत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही.

मग करावे काय? आमच्या गोमंतकाकडे या बाबतीत सांगण्यासारखा अनुभव आहे. फेणीलाही एके काळी ‘देशी दारू’ म्हणून नाक मुरडले जाई. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली राज्याने तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. बोंडे तुडवून, नीरो काढून, हंगामापुरती भाटी लावणाऱ्या गोमंतकीयाला कायद्याने माणूस म्हणून ओळखले. त्याचा हंगामी परवाना ही येथे रूढ गोष्ट आहे. याने गोव्यात दारूचा प्रश्न सुटला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण भाटीवाला गुन्हेगार नाही, एवढे तरी ठरले. मध्य प्रदेशाने २०२२ च्या सुमारास असेच पाऊल उचलले. मोहाच्या मद्याला वारशाचे मद्य मानून ते गाळण्याचा परवाना आदिवासी स्वयंसहायता गटांना देण्याचे धोरण आखले, आणि अलिराजपूर जिल्ह्यातील गटाने ‘मोंड’ या नावाने आपली बाटली काढली. जे भिल्लांना जमते ते वारल्यांना न जमण्याचे कारण काय?

हवेलीच्या बाबतीत आम्हांस तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली अशी, की घरच्या कार्यापुरते, ठराविक मापात गाळलेले मोहाचे मद्य गुन्ह्याच्या यादीतून काढावे आणि मिथेनॉलच्या व्यापाऱ्याची जागा तेथे ठळक करावी. आदिवासी भागांत पारंपरिक पेय घरापुरते करू द्यावे आणि व्यापारी गुत्ते आवरावेत, अशी दिशा केंद्र सरकारनेच १९७० च्या दशकात आपल्या सूचनांत दाखविली होती. अर्धशतक लोटले, गुत्ते वाढले, हंडी मात्र चोरटीच राहिली.

दुसरी गोष्ट परवान्याची. आबकारीचे परवाने आज ज्या ऐपतीचा माणूस समोर धरून घातलेले असतात, ती ऐपत खानवेलच्या फुले वेचणाऱ्या बाईची नाही, कधी असणारही नाही. बाटल्या भरण्याचे यंत्र, बंदिस्त आवार, ठेव, शुल्क ही सारी अट कारखान्याला शोभते. मोह वेचणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थेला अल्प शुल्काचा, हंगामापुरता परवाना द्यावा. प्रत्येक घाण्याची मिथेनॉलसाठी तपासणी सरकारने स्वखर्चाने करावी. ज्या सरकारला सिल्वासाच्या बारमधून महसूल मिळतो त्याला एवढी प्रयोगशाळा जड जाऊ नये. बाटलीवर कंपनीच्या नावाआधी गावाचे नाव असावे. वेचणारीला किलोमागे चार पैसे आणि बाटलीवाल्याला हजारो रुपये, ही वाटणी जोवर बदलत नाही तोवर मोहाची प्रतिष्ठा म्हणजे केवळ मालकाची प्रतिष्ठा. गूज आयलंडची कथा पुढे काय झाली हे येथे सांगितले पाहिजे: २०११ साली ती छोटी ब्रुअरी जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या घशात गेली. छोट्याचे नाव मोठे झाले, की मोठा त्याला गिळतो. सहकारी मालकीची भिंत आधी उभारली नाही, तर मोहाचेही तेच होईल.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ग्रामसभेची. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना आणि पंचायतींना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला, आणि गौण वनोपजाची मालकीही दिली. तलासरी, जव्हार, मोखाडा येथील वारल्याला तो लागू आहे. परंतु संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रे दहा राज्यांत जाहीर झालेली आहेत आणि हवेली त्यांत नाही. एकाच कुळाचे दोन भाऊ. एक सीमेच्या या बाजूस, दुसरा त्या बाजूस. एकाला गावात गुत्ता नको म्हणण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला नाही. पेशवे आणि पोर्तुगीज यांनी अठराव्या शतकात ओढलेली रेघ अशी आजही त्यांच्यामध्ये उभी आहे. २ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिन साजरा होतो, झेंडा फडकतो, भाषणे होतात. ज्यांच्या रानातून ते स्वातंत्र्यसैनिक चालत गेले त्यांच्या ग्रामसभेला आपल्या गावच्या दारूविषयी मत देण्याचाही अधिकार नसावा, हे त्या दिवसाला शोभत नाही. केंद्र सरकारने या प्रदेशासाठी पेसाच्या धर्तीवर स्वतंत्र नियम करावेत. एखाद्या गावच्या बायकांनी उद्या ठरविले की आमच्या शिवारात कोणतेच मद्य नको, मोहाचेही नको, तर तोच कायदा झाला पाहिजे. आणि त्यांनी ठरविले की आमचा मोह आम्हीच गाळू आणि आमच्या नावाने विकू, तर तोही कायदा झाला पाहिजे.

आमच्या सुखवस्तू वाचकांपैकी काहींच्या घरी पिंपात मुरलेली एखादी बाटली असेल. नाताळात, नववर्षात ती उघडली जाईल. त्यांनी ती खुशाल उघडावी. पेल्यात काय असावे हे ठरविणे वर्तमानपत्राचे काम नव्हे. ती ज्या गुणांसाठी मोलाची मानली जाते ते गुण या किनाऱ्याच्या पाठीमागच्या डोंगरात, कर न भरल्याच्या आरोपाखाली, दीडशे वर्षे लपून राहिले आहेत, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे. येत्या फाल्गुनात मोह पुन्हा फुलेल. पहाटेच्या अंधारात बायका पुन्हा टोपल्या घेऊन झाडाखाली जातील. त्या टोपलीतल्या फुलांचे काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती देण्यास सिल्वासाच्या आणि दिल्लीच्या सरकारला आता आणखी किती हंगाम हवे आहेत, हे त्याने एकदा सांगून टाकावे.